बिल सहाशे फुटांचं, बोअर चारशे साठचा

२०१९चा एप्रिल. जालना जिल्ह्यातलं आमचं रान, विहीर तळाला गेलेली, सात वर्षं जपलेली मोसंबीची बाग पानं टाकायला लागलेली. त्या दिवसांत कुणी काहीही सांगितलं असतं तरी मला पटलं असतं.

बोअरच्या गाडीचा एजंटच पाणाड्याला घेऊन आला. पाणाड्या तळहातावर आडवा नारळ धरून बांधाकडेनं चालला. नारळ उभा राहिला तिथं दगड ठेवला. "तीनशेला तीन इंची पाणी लागतंय, दादा."

तीनशेला नुसती राखेसारखी धूळ उडाली. "अजून शंभर मारू, खाली ओल हाय." दर शंभराला हेच. पैसे गुंतलेत, आता थांबायचं कसं, म्हणून मी हो म्हणत गेलो. पहाटे गाडी थांबली. सहाशे फूट खोदाई, ऐंशी फूट केसिंग, म्हणजे वरची माती-मुरूम आत ढासळू नये म्हणून घालतात ते पाइप, रोख पैसे. बायकोची ठेव मोडून दिले.

दोन दिवसांनी भावानं दोरीला दगड बांधून आत सोडला. चारशे साठला दोरी सैल पडली. मग भर दुपारी आरशानं ऊन आत पाडलं. वीस फुटी चार पाइपांचे तीन जोड दिसायला हवे होते. एकच दिसला. त्याखाली उघडा मुरूम. एजंट म्हणाला, "आत दरड बसली असंल." त्यानंतर फोन उचलला नाही.

माझी खरी चूक आधीच झाली होती. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. घट्ट खडकात कितीही खाली गेलं तरी ते लागेलच असं नाही. २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपासूनच्या विहिरीला खोल विहीर धरलंय आणि तिच्यावर निर्बंध आहेत. हे मला नंतर कळलं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करून आधी पाहणी करून घ्यायला हवी होती.

तरीही बोअर घ्यायचाच असेल, तर किती फुटांवर थांबायचं ते गाडी यायच्या आधी घरात ठरवा. गाडीजवळून हलू नका. खोदाईच्या रॉडची लांबी स्वतः टेपनं मोजा, खाली जाताना एकेक रॉड जोडला की वहीत रेघ ओढा. आमचा रॉड वीस फुटी होता, म्हणजे सहाशेला तीस रेघा झाल्या असत्या. केसिंगचे पाइप आत जाताना मोजा. आणि पैसे द्यायच्या आधी, गाडी रानात उभी असतानाच, दोरी सोडा.