जुन्या जीपला मॅन्युअल हब लॉक : हिवाळा, उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

गाडी महिंद्राची जुनी सीजे 3 बी. मूळचं पेट्रोल इंजिन कधीच भंगारात गेलं, आता डिझेल आहे. घर मेढ्यात, शेत केळघरच्या वर डोंगराच्या उतरणीला. वर्षातले आठ-नऊ महिने मेढा-सातारा डांबरीवर, मधूनच घाट चढून महाबळेश्वर, आणि मृग लागला की दसऱ्यापर्यंत शेताची वाट. तिला वाट म्हणायचं ते आमच्या सवयीने. खाली तांबडा चिकट चिखल, वर सुटे जांभ्याचे दगड.

जुन्या जीपवाल्याने ‘हब बसवू का?’ असं विचारलं की त्याला दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, ‘बसव की, अ‍ॅव्हरेज वाढतं.’ दुसरं, ‘कशाला ती भानगड, अडकल्यावर चिखलात उतरावं लागतं.’ वापरून झाल्यावर माझं मत असं की पहिलं जवळजवळ खोटं आहे आणि दुसरं खरं असलं तरी सगळ्यांना लागू नाही.

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात. या जीपची फोर व्हील पार्ट-टाइम आहे, म्हणजे ट्रान्स्फर केसमध्ये (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) मधलं डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नाही. पुढचा छोटा दांडा मागे-पुढे करून पुढचा अ‍ॅक्सल इंजिनला जोडायचा किंवा सोडायचा. पण सोडला म्हणजे तो थांबतो असं नाही. चाकं कंपनीच्या फ्लॅंजने (चाकाच्या तोंडाशी बोल्टांनी बसणाऱ्या झाकणाने) शाफ्टला कायमची बांधलेली असतात, त्यामुळे टू व्हीलमध्येही चाकंच उलट त्या शाफ्टना, क्राऊन-पिनियनला (अ‍ॅक्सलमधल्या गिअरना) आणि पुढच्या प्रॉपलरला (ट्रान्स्फर केसपासून अ‍ॅक्सलपर्यंतच्या लांब शाफ्टला) फिरवत राहतात. या जीपच्या अ‍ॅक्सलचा रेशो 5.38. चाकाचा एक फेरा झाला की प्रॉपलरचे पाचाहून जास्त होतात. ताशी 50 ने निघालात तर तो मिनिटाला दोन हजारांच्या घरात फिरत असतो, आणि तेही काही काम नसताना. मॅन्युअल हबमध्ये फ्लॅंजच्या जागी हाताने फिरवायची चकती येते. ‘फ्री’वर ठेवली की चाक नुसत्या बेरिंगवर फिरतं आणि मागचं सगळं लटांबर जागच्या जागी थांबतं. ‘लॉक’वर आणली की पहिल्यासारखं.

ही काही आजची टूम नाही. 1941 पासून लढाईसाठी बनलेल्या विलीज जीपांना असले हब नव्हते. लढाई संपली, त्या जीपा अमेरिकेत शेतकऱ्यांच्या हातात गेल्या, डांबरीवर धावू लागल्या, आणि 1948 मध्ये आर्थर वॉर्न यांनी नेमकी ही गरज ओळखून हब बनवायला घेतले. आज विंचसाठी (अडकलेली गाडी ओढून काढायच्या यंत्रासाठी) ओळखली जाणारी वॉर्न कंपनी सुरू झाली ती अशी. आपल्याकडची सीजे त्याच घराण्यातली, त्यामुळे सहा बोल्टांचा तोच साचा अजून चालतो. घेण्याआधी मात्र फ्लॅंज काढून शाफ्टचे दाते मोजा. माझ्या जीपला दहा आहेत. ‘सगळ्या जीपांना बसतं’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराला शाफ्ट दाखवा, मग तो काय म्हणतो ते ऐका.

बसवणं अवघड नाही. पण नुसता फ्लॅंज काढून हब ठोकला असं करू नका. माझ्या मिस्त्रींनी हबच्या निमित्ताने चाकाचं बेरिंग उघडलं, ते बरं झालं. आत दोन मोठे नट आणि मध्ये कान दुमडायचं वॉशर असतं. कान कधीच्या काळी मोडलेला होता आणि बाहेरचा नट हाताने फिरत होता. चाक फिरवत फिरवत आतला नट आवळायचा, बेरिंग बसलं की किंचित मागे घ्यायचा, मग वॉशर, बाहेरचा नट, कान दुमडायचा. बेरिंग ढिलं राहिलं तर चाक हलतं, आणि त्या हलण्याचा सगळा मार हबच्या दातांवर बसतो. लोक म्हणतात हब कमजोर, त्यातले निम्मे हब ढिल्या बेरिंगने गेलेले असतात, असं मिस्त्रींचं म्हणणं आणि मला ते पटतं. दुसरी गोष्ट ग्रीसची. बेरिंगमध्ये भरपूर, पण हबच्या आत नुसता पातळ हात. आत ग्रीस कोंबलं की थंडीत चकती जाम होते, आणि मग माणूस पक्कड लावतो. पक्कड लावायची वेळ आली की समजावं, आत काहीतरी चुकलंय.

आता अ‍ॅव्हरेज. टाकी फुल करून, पुन्हा फुल करून, हब लॉक ठेवून आणि फ्री ठेवून, दोन्ही मोजलं. फरक दिसलाच नाही म्हटलं तरी चालेल. असलाच तर तो टायरच्या हवेत, घाटाच्या फेऱ्यांत आणि मागे किती पोती होती त्यात हरवून जातो. उभ्या काचेची, चौकोनी तोंडाची ही गाडी. तिचं डिझेल वारा आणि चढ खातो, पुढच्या अ‍ॅक्सलमधलं तेल नाही. केवळ डिझेल वाचवायला हब घ्यायचे असतील तर ते पैसे डिझेलमध्येच घाला.

मग मिळालं काय? आवाज गेला. साताऱ्याकडे सपाटीला पन्नास-पंचावन्नवर पायाखालून जी घरघर यायची आणि गिअरचा दांडा थरथरायचा, ती पुढच्या प्रॉपलरची होती. त्याचे क्रॉस, म्हणजे शाफ्टला वाकून फिरू देणारे सांधे, थोडे झिजलेले होतेच. हब फ्री केल्यापासून घरात बसलेल्या माणसाशी बोलावं तसं शेजारच्या सीटवरच्याशी बोलता येतं. स्टिअरिंग हलकं झालं का? थोडं. जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे बाजारात गाडी वळवून लावताना तेवढं थोडंही जाणवतं. मोजून दाखवता येणार नाही.

माझ्या लेखी खरा फायदा आणखी दोन ठिकाणी आहे, आणि त्यांबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

पहिला, लोच्या, म्हणजे संथ पण जास्त ताकदीच्या गिअरचा. या ट्रान्स्फर केसला दोन छोटे दांडे. एक पुढच्या अ‍ॅक्सलचा, एक हाय-लोचा. आतली खिट्टी अशी आहे की पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नाही. चिखलात ते बरोबर आहे. पण सुकलेल्या, कडक खळ्यात ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असतं, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि मधलं डिफरन्शियल नसल्याने सगळी ओढाताण क्रॉस आणि गिअरवर येते. गाडी अडखळते, टायर घासत सरकतात. हब फ्री ठेवून फोर-लो टाकलं की लोची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते आणि गाडी मुंगीच्या पावलाने, झटका न देता मागे येते. भाताची पोती आणि शेणखत हलवताना मी हे सतत वापरतो. एकच जपा, अख्खी ताकद एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येते, तेव्हा रुतलेली ट्रॉली अशी ओढू नका.

दुसरा, मोडतोडीचा. पुढच्या चाकाजवळच्या बंद गोळ्यात जो क्रॉस असतो तो रानात तुटला, तर फ्लॅंजवाल्या गाडीचं चाक त्या तुटक्या तुकड्यांनाही फिरवत राहतं आणि ते तुकडे गोळा फोडू शकतात. हबवाला दोन्ही चकत्या फ्री करतो आणि मागच्या चाकांवर घरी येतो. माझ्यावर ती वेळ आलेली नाही. पण बामणोली-तापोळ्याकडे, कोयनेच्या पाण्याच्या कडेने संध्याकाळी जायचं असतं तेव्हा हा विचार बरा वाटतो.

आता तोटे. उतरावं लागतं, हे आहेच. पण कधी उतरता यावर सगळं आहे. मी आषाढात शेताच्या फाट्यावर, डांबर संपतं तिथे, उतरून चकत्या फिरवायचो. लवकरच ते सोडलं. पाऊस लागला की दोन्ही हब लॉक करून टाकतो आणि दसऱ्यापर्यंत हातच लावत नाही. हब लॉक असले आणि दांडा टू व्हीलवर असला तर डांबरीवर काही बिघडत नाही, कारण गाडी तेव्हा फ्लॅंजवाल्या गाडीसारखीच चालते. डांबरीवर फोर व्हील टाकून फिरू नये, हा नियम वेगळा. पुष्कळ जण या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मग रोज चढउतार करत बसतात.

पुतण्याचा किस्सा सांगतो. उन्हाळ्यातला वळवाचा पाऊस, हब फ्री होते, आणि तो जीप घेऊन वर गेला. बांधाला लागून अडकला. उजवा हब लॉक केला. डावा बांधाच्या बाजूला चिखलात होता, ‘एकाने काम होईल’ म्हणून सोडून दिला. फोर-लो टाकलं, रेस केली, पुढचं एकही चाक हलेना. फोन आला, “काका, पुढचा गिअर गेला बघा, चाकं ओढतच नाहीत.” गिअर शाबूत होता. पुढचं डिफरन्शियल साधं आहे. ज्या बाजूला अडवणूक कमी, तिकडे ते सगळा फेरा देऊन टाकतं. डावा शाफ्ट मोकळा, तर तो एकटा आत गरगर फिरत बसला आणि उजव्या चाकाला काहीच मिळालं नाही. एक हब लॉक म्हणजे शून्य हब लॉक. त्याला म्हटलं, “हाताने चिखल काढ, चकती शेवटपर्यंत फिरव, गाडी वीतभर मागेपुढे कर म्हणजे दाते बसतील.” निघाली. घरी आल्यावर आमच्या अण्णांनी ऐकवलंच, “फ्लॅंज होता तेव्हा असलं काही नव्हतं.” खरं आहे, नव्हतं.

ज्याची जीप घरातले चार जण चालवतात त्याने हा मुद्दा नीट घ्यावा. गाडी कोणीही नेली तरी हब कुठे आहेत ते त्याला बघून कळलं पाहिजे. मी चकतीवर ‘लॉक’च्या बाजूला लाल रंगाचा ठिपका दिलाय. दोन्ही बाजूंना चकती ठिपक्यावर दिसली की झालं.

घाट उतरतानाचंही लक्षात ठेवा. ओल्या मातीच्या उतारावर फोर-लो टाकून इंजिनवर उतरायची सवय असेल आणि हब फ्री राहिले असतील, तर ब्रेकिंग फक्त मागच्या चाकांना मिळतं आणि मागचं बूड सरकतं. हँडब्रेकचंही तेच. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या मागच्या ड्रमवर आहे. फोर व्हील जोडून हब लॉक असले तर तो चारही चाकं धरतो, फ्री असले तर मागचीच दोन. उतारावर भरलेली गाडी उभी करताना मी हब बघतो आणि वर चाकाखाली दगडही लावतो.

देखभाल वाढते, हे कबूल. पावसाळा संपल्यावर दोन्ही हब उघडले. उजवा स्वच्छ. डाव्यातलं ग्रीस पांढुरकं, पाणी मिसळलेलं. ओढा ओलांडताना गरम हब थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आक्रसते आणि सील जरा जरी थकलेलं असलं तरी पाणी आत ओढलं जातं. रॉकेलने धुतलं, नवं पॅकिंग, नवी ओ-रिंग, पातळ ग्रीस, झालं काम. पण हे दरवर्षी करायचं आहे. शिवाय चकती चाकाच्या बाहेर येते, तेव्हा अरुंद वाटेला दगडी गडग्याशी घासण्याची भीती फ्लॅंजपेक्षा जास्त.

अण्णांच्या एका म्हणण्यात मात्र तथ्य आहे. ‘पुढचा अ‍ॅक्सल बसून राहिला की गंजतो.’ अ‍ॅक्सलमधलं तेल गिअर फिरला तरच वर उडतं. सहा महिने हब फ्री ठेवले तर वरचा भाग कोरडा, आणि बंद गोळ्यातलं ग्रीस खाली बसून सीलमधून झिरपतं. म्हणून कोरड्या दिवसांतही महिन्यातून एकदा हब लॉक करून, दांडा टू व्हीलवरच ठेवून साताऱ्याची एक फेरी मारतो.

मग कोणी बसवावेत? मी विचारणाऱ्याला उलट विचारतो, ‘तू फोर व्हील आधी ठरवून टाकतोस की अडकल्यावर?’ ज्याला ठाऊक आहे की अमुक महिन्यात, अमुक फाट्यानंतर लागणार, त्याला हबचा काही त्रास नाही आणि बाकीचं वर्ष गाडी शांत चालते. ज्याची गाडी रोज डांबर-चिखल-डांबर करते, किंवा ज्याला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, त्याने फ्लॅंज ठेवावेत आणि तेच पैसे चांगले क्रॉस टाकून प्रॉपलर बॅलन्स करण्यात घालावेत. निम्मा आवाज त्यानेही जातो. आमच्याच गावातला एक जण रोपवाटिकेसाठी पावसाळाभर दिवसाला कितीतरी वेळा ओढा ओलांडतो. त्याने विचारलं तेव्हा मी त्याला नकोच म्हटलं.

आणि बसवलेच, तर काढलेले फ्लॅंज भंगारात देऊ नका. माझे दोन्ही, बोल्ट आणि पॅकिंगसकट, ऑइलच्या फडक्यात गुंडाळून ड्रायव्हरच्या सीटखाली आहेत. हब फुटला तर पान्याने अर्ध्या तासात जुनं जागेवर येतं. पुढच्या मृगाआधी डाव्या बाजूचं सील बदलायचं आहे, तेव्हा उजव्याचंही बदलून टाकणार, कारण चाक उतरवलंच असेल.