ग्रुपची किल्ली घ्यावी, की जीएसआर व्हावं?

सोब्रायटीची, म्हणजे दारूपासून दूर राहण्याची, दोन-तीन वर्षं झाली, मीटिंग अंगवळणी पडली, की ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या) ग्रुपमध्ये हळूच विचारणा होते: सेक्रेटरी होता का, की जीएसआर (जनरल सर्व्हिस रिप्रेझेंटेटिव्ह, ग्रुपचा प्रतिनिधी) म्हणून तुमचं नाव सुचवू? ए.ए.च्या बारा परंपरांमधल्या, म्हणजे ग्रुप चालवायच्या तत्त्वांमधल्या, दुसऱ्या परंपरेप्रमाणे दोघेही विश्वासू सेवकच, हुकूम चालवणारं कोणी नाही. पण दोन्ही कामं माणसाकडून वेगवेगळं मागतात, आणि आपल्या कोकणात हा फरक जरा जास्तच जाणवतो.

सेक्रेटरीचं काम दाराशी सुरू होतं. अर्धा तास आधी खोली उघडायची, खुर्च्या मांडायच्या, साहित्य लावायचं, चहा टाकायचा, अध्यक्षस्थानी कोण आणि वाचन कोण करणार ते बघायचं. गणपतीत किंवा शिमग्यात खोली मिळणार नसेल, तर दुसरी जागा आधीच ठरवून प्रत्येकाला कळवायची. यातलं सुख मात्र मोठं आहे. थरथरत दारात आलेल्या नव्या माणसाला पहिला हात तुमचा मिळतो.

जीएसआर ग्रुपचं मत इंटरग्रुपच्या (आसपासच्या ग्रुपांच्या) किंवा एरियाच्या (त्याहून मोठ्या भागाच्या) बैठकीत नेतो आणि तिथलं काम ग्रुपला आणून सांगतो. मुदत साधारण दोन वर्षं. यात प्रवास आला. ग्रुप राजापूरचा आणि बैठक चिपळूणला असेल तर रविवार त्यातच जातो. राजापूर रोड स्टेशन गावापासून लांब, पावसाळी वेळापत्रकात गाड्या धीम्या, म्हणून बरेच जण एसटीच धरतात. प्रवासखर्च सातव्या परंपरेच्या, म्हणजे सदस्यांच्या स्वेच्छा वर्गणीच्या, जमेतून द्यायचा, हे निवडीच्याच दिवशी ठरवून घ्या आणि तिकिटं खजिनदाराकडे देत जा. हे राहून गेलं की माणूस सुरुवातीला पदरचे पैसे घालतो, मग एखादी बैठक चुकवतो आणि पुढे जाणंच सोडतो. ग्रुपला पत्ताही लागत नाही.

अहवालाचंही तसंच. मीटिंगच्या शेवटी वाचला तर कोणी ऐकत नाही, कारण शेवटची एसटी चुकेल म्हणून निम्मे जण उठलेले असतात. अर्ध्या पानात लिहा, दोन भाग करा, ‘माहितीसाठी’ आणि ‘मत हवं’, आणि शेअरिंग, म्हणजे सदस्यांचं अनुभव सांगणं, सुरू होण्याआधी पाच मिनिटांत संपवा. मत घ्यायचं असेल तर प्रश्न आठवडाभर आधी लेखी द्या. सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कोणाला दुसऱ्यांदा बोलू देऊ नका. मतदान झाल्यावर कमी मतं पडलेल्या बाजूला पुन्हा बोलायची संधी द्या आणि त्यावरून कोणाचं मन बदललं तर परत मत घ्या. मच्छीमार मित्र असलेल्या ग्रुपने असे प्रश्न 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात घ्यावेत, तेव्हा होड्या किनाऱ्याला असतात आणि उपस्थिती खरी असते.

एक भीती बऱ्याच जणांना असते: बैठकीत नवीनच माहिती पुढे आली आणि ग्रुपने सांगितलेलं मत चुकीचं वाटू लागलं तर? ए.ए.च्या सेवाकार्याच्या बारा संकल्पनांमधली तिसरी संकल्पना इथे उपयोगी पडते. जीएसआरला निर्णयाचा अधिकार आहे. त्याने स्वतःच्या विवेकाने मत द्यावं आणि परतल्यावर ग्रुपला कारण सांगावं. तो ग्रुपचा निरोप्या नाही.

आता किल्ली. माझा कौल जीएसआरकडे झुकला तो तिच्यामुळे. सेक्रेटरीची मुदत कागदावर सहा महिने किंवा वर्ष असते, पण छोट्या गावात किल्ली ज्याच्या खिशात गेली त्याच्याकडेच राहते. खोलीचा मालक त्यालाच ओळखतो, भाडं त्याच्याच हातून जातं, म्हणून बदल कोणालाच नको असतो. तो आजारी पडला किंवा मुंबईला गेला, की नवा माणूस बंद दारापुढे उभा राहून परत जातो, कदाचित कायमचा. आणि हळूहळू प्रत्येक प्रश्नाला उत्तर येतं, ‘सेक्रेटरी म्हणतील तसं.’ ग्रुपचा सामूहिक विवेक इथे झिजतो, तोही चांगल्या, कष्टाळू माणसाच्या हातून. दुसरी किल्ली करून मालकाची ओळख आणखी दोघांशी करून दिली तर त्रास बराच कमी होतो. पण माझ्या पाहण्यात हे क्वचितच घडतं.

अनामिकतेचाही, म्हणजे आपण ए.ए.त आहोत हे बाहेर न कळण्याचाही, मुद्दा आहे. वाडीतल्या खोलीचं कुलूप दर आठवड्याला उघडणारा माणूस चार घरांना कळतो. जीएसआरचं निम्मं काम गावाबाहेर असतं.

तरी हा सरसकट सल्ला नाही. दुकान, गोठा किंवा घरातलं आजारपण यामुळे ज्याला रविवारी गाव सोडता येत नाही, त्याने सेक्रेटरीपदच घ्यावं, मात्र पहिल्याच दिवशी मुदत संपायची तारीख इतिवृत्तात लिहून घ्यावी. आंब्याच्या बागेत ज्यांचे मार्च ते मे जातात, त्यांना दोन्ही कामं जड जातील.

मन ठरत नसेल तर उप-जीएसआर व्हा. दोन-तीन बैठकांना जीएसआरसोबत जा, एखादा अहवाल तुम्ही लिहा, त्यालाच तपासायला द्या. पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं की नाही हे तोवर कळतं, आणि नाही म्हणालात तरी ग्रुपमध्ये अहवाल समजणारा आणखी एक माणूस तयार झालेला असतो.