पावसाळी रविवार: केळकर संग्रहालय, घरची कामं की जुना सिनेमा?

आषाढातला रविवार. जरा उघडीप दिसली म्हणून सकाळी सातला दूध आणायला निघावं, तर कोपऱ्यावर पोचेतो पायजमा पोटरीपर्यंत भिजलेला. सिंहगडाचा बेत तिथेच बारगळतो. ताम्हिणीत गाड्यांच्या रांगेत उभं राहून धबधबा बघायची माझी हौस तर केव्हाच फिटली आहे. मग पुण्यातल्या माणसापुढे तीनच वाटा राहतात: संग्रहालय, घरातली साचलेली कामं, नाहीतर जुना सिनेमा.

आधी पाऊस कसला आहे ते बघा. नुसती रिपरिप असेल तर छत्री घेऊन राजा केळकर संग्रहालय गाठा. धो धो कोसळत असेल तर नको. बाजीराव रस्त्यावर गाडी लावायला कोरड्या दिवशीही जागा मिळत नाही, आणि ओले मोजे घालून दोन तास काचेच्या कपाटांसमोर उभं राहणं म्हणजे शिक्षाच. सरळ रिक्षा करा आणि पायात चपला घाला.

या संग्रहालयाचं पावसाळी दिवसाशी विशेष जमतं, कारण तिथे सिंहासनं नाहीत, घर आहे. दिनकर केळकर चष्म्याच्या धंद्यातले आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. इतिहासावरच्या कवितांपायी जुन्या वस्तूंकडे ओढले गेले आणि १९२० च्या सुमारास त्या जमवायलाच लागले. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. वस्तू २०,००० च्या वर; मांडलेल्या साधारण २,५००. त्यांतही निम्म्या वस्तू आपल्या पणजीच्या हाताखालच्या. लामणदिवे, दौती, पाय घासायच्या पितळी वज्र्या आणि अडकित्ते. अडकित्त्यांपाशी मी दर वेळी अडकतो. कुणाच्या दांड्या पोपटाच्या, कुणाच्या घोड्याच्या, एकाच्या तर स्त्री-पुरुषाच्या: सुपारी कातरताना दोघं जवळ येणार, ही कल्पना ज्या कासाराला सुचली असेल त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून उभारलेलं दालनही आहे. लोक फोटो तिथलेच विचारतात. माझं मत विचाराल तर तिथे पाच मिनिटं आणि वज्र्यांना वीस.

सोबत गुडघे दुखणारं कुणी असेल तर मात्र विचार करा, वरच्या मजल्यांना जिने चढावे लागतात. लहान मुलं तासाभरात कंटाळतात. त्यांना 'सगळ्यात विचित्र प्राणी असलेला दिवा शोध' असं काहीतरी काम द्यावं.

मुंबईकरांचं गणित वेगळं. १९२२ मध्ये खुलं झालेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एवढं मोठं की दिवस आत जातो; प्रश्न फक्त संध्याकाळी परतायला लोकल चालू असेल का, हा. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड आटोपशीर आहे, पण बुधवारी बंद.

आता घरकाम. पाऊस पडला की 'चला, आज कपाटं आवरू' असं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं, आणि नेमकं तेच त्या दिवशी करू नये. मी केलं होतं. आईची पैठणी जरा हवा लागावी म्हणून बाहेर काढली, दिवसभर पलंगावर पसरली, रात्री घडी घालून ठेवली. दिवाळीत उघडली तर काठाला पांढरट ठिपके. घडीत हवा नव्हे, ओल कोंडली होती. पुस्तकांचं, लोकरीच्या कपड्यांचं, गाद्यांचंही तसंच. ती ऑक्टोबरच्या उन्हाची कामं आहेत. लादीसुद्धा पुसू नका, तासभर वाळत नाही आणि घरभर पावलं उमटतात.

पावसात करायची कामं ती गॅसपाशी बसून करायची. रवा भाजून डब्यात भरणे (नाहीतर श्रावणात अळ्या निघतातच), दाणे भाजून कूट करणे. बटणं लावणे, बिजागऱ्यांना तेल सोडणे, विम्याचे कागद एका फाइलीत घालणे. यात मजा फारशी नाही, पण सोमवारी सकाळी समाधान याचंच असतं. संग्रहालयाचं नाही.

सिनेमा सगळ्यात सोपा वाटतो आणि निवड तिथेच चुकते. १९३७ चा 'कुंकू' माझा फार आवडता: म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा, आणि तिने न वाकवलेली मान. पण त्यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळ, घरातले-रस्त्यावरचे खरे आवाज यांवर सिनेमा उभा आहे. खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत असेल तर 'कुंकू'चा निम्मा जीव जातो. तो कोरड्या रात्रीसाठी ठेवा. आषाढ आहे, तेव्हा १९३६ चा 'संत तुकाराम' लावा. अभंग पावसावर मात करतात आणि विठोबाशी भांडणारी तुकोबांची बायको त्याहून जास्त. हे दोन्ही सिनेमे काढणारी 'प्रभात' फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्या स्टुडिओच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, म्हणजे हे देहू आपल्या लॉ कॉलेज रस्त्याजवळ उभं राहिलेलं. घरात तिन्ही पिढ्या असतील तर मात्र १९५२ चा 'लाखाची गोष्ट'. महिन्याभरात लाख रुपये उडवून दाखवायचे, एवढ्या एका गोष्टीवर आजोबा आणि नातू सारखेच हसतात.

जेवण झाल्यावर दोनला लावा, पाचच्या चहापर्यंत बरोबर संपतो. फक्त वीज टिकायला हवी. गेल्या वर्षी आमच्याकडे लाखातले बरेचसे उडाले आणि दिवे गेले. वडील पुढची गोष्ट तोंडी सांगू लागले, आईला ती वेगळीच आठवत होती, आणि दोघांचा वाद चालू असताना मी मेणबत्तीपाशी किलोभर लसूण सोलून टाकला. वीज आली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. उरलेला सिनेमा अजून बघायचा आहे.