वेंगुर्ल्यातले ‘फिश आमांदीन’ : मासा कोणता ते आधी विचारा

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा उपाहारगृहाने तिसऱ्यांच्या सुक्याच्या खालच्या ओळीत ‘फिश आमांदीन’ छापले आहे. जिथे मासा म्हटला की तिरफळ, कोकमाचे आगळ आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण गृहीतच धरले जाते, तिथे मसाल्याचा कणही नसलेला हा पदार्थ ठेवणे धाडसाचेच आहे आणि ते बरेचसे साधलेही आहे.

आमांदीन हा मूळचा फ्रेंच पदार्थ. त्याचे नाव बदामावरून आले आहे. कृती तशी आटोपशीर आहे. ट्राउट किंवा सोलसारखा नाजूक मासा पिठात घोळवून लोण्यात तळतात, मग ताज्या लोण्यात बदामाचे काप सोनेरी करून, लिंबू पिळून आणि पार्स्ली भुरभुरून ते सगळे माशावर ओततात. खरी कसोटी लोण्याची असते. पाणी उडून गेल्यावर त्यातला दुधाचा अंश तांबूस होऊ लागतो आणि तूप कढवताना बेरी खरपूस होते तेव्हाचा वास सुटतो. त्या क्षणी लिंबाचा रस पडला नाही, तर पुढच्या काही सेकंदांत बदाम आणि लोणी दोन्ही कडवट होतात. येथील आचाऱ्याला हा क्षण नेमका कळतो. ताट समोर आले तेव्हा लोणी अजून फसफसत होते आणि बदामाचे काप कडेला तपकिरी, मध्ये फिकट असे होते, म्हणजे हवे तसेच.

मासा मुडदुशांचा होता. पाठीकडून चिरून, मधला काटा काढून ते पुस्तकासारखे उलगडलेले होते आणि पांढरे, किंचित गोडसर मांस चमच्यानेही सुटत होते. या माशाला आपल्याकडे एरवी लाल तिखट आणि रव्याखाली दडपले जाते. इथे त्याची स्वतःची चव लागते, आणि माझ्या मते या पदार्थाची सगळी किंमत त्यातच वसूल होते. मैद्याऐवजी तांदळाचे पीठ वापरल्याने कुरकुरीतपणा वाढतो खरा, परंतु लोणी त्यावर ठरत नाही, घसरून ताटात जमते. पार्स्लीच्या जागी मूठभर कोथिंबीर घालणे मात्र चुकीचेच, कारण तिच्या उग्र वासापुढे बदाम मुकाट होतो. पाव ताजा होता.

दुसऱ्या भेटीत मुडदुशे नव्हते, म्हणून न विचारताच सुरमईची जाड तुकडी त्याच नावाने वाढण्यात आली. तिचा मधला भाग शिजेपर्यंत कडा कोरड्या पडल्या होत्या आणि वरचे लोणी तिच्या तेलकट मांसावर निव्वळ जड वाटत होते. सुरमई तव्यावर मसाला लावून खावी. आमांदीनसाठी पातळ, कमी तेलाचा मासाच हवा, आणि तो नसेल त्या दिवशी पदार्थ सरळ बंद ठेवायला हवा.

मागितल्यास बदामाऐवजी काजू घालून देतात. ज्या गावात प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे आणि ज्याच्या नावाने ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ अशा काजूच्या जाती ओळखल्या जातात, तिथे हा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु काजूत पिष्टमय अंश अधिक असल्याने तो लवकर करपतो, आणि चवीलाही गोड पडतो. लिंबू दुपटीने पिळून घेतले तरच तो या लोण्यात शोभतो. मी पुन्हा बदामच मागवीन.

मासा मागणीनंतरच तळला जातो, म्हणून वेळ लागतो, त्याची तक्रार नाही. जाण्यापूर्वी सकाळी फोन करून बाजारातून काय आले ते विचारावे आणि सोलकढी मासा संपल्यावरच मागवावी, कारण तिच्या आंबट-तिखट चवीनंतर त्या लोण्याचा वास जिभेला लागत नाही.