ट्यूब्युलर बॅटरीचे चार्जिंग: १५ अँपिअर की २० अँपिअर?

१५० अँपिअर-तासांची उंच ट्यूब्युलर (नळीसारख्या प्लेटांची शिसे-आम्ल) बॅटरी घेतली आणि इन्व्हर्टरवर चार्जिंगसाठी १०, १५ आणि २० अँपिअर असे पर्याय दिसले की निवडीचा प्रश्न येतोच. अकोल्याच्या घरी मी हे तिन्ही पर्याय वापरले आहेत.

ज्यांच्याकडे वीज क्वचित जाते त्यांना १० अँपिअर पुरेसे आहेत. मात्र वीज वारंवार जात असेल, तर बॅटरी पूर्ण भरण्याआधीच पुन्हा वापरात येते आणि अशा अर्धवट अवस्थेत दीर्घकाळ राहिल्यास तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर धरतात. शिवाय उंच डब्यात जड आम्ल तळाशी बसते आणि चार्जिंगच्या अखेरीस बुडबुडे उठल्याशिवाय ते वरच्या द्रावणात नीट मिसळत नाही.

खरी निवड १५ आणि २० यांतच आहे. २० अँपिअरने बॅटरी लवकर भरेल ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु साधारण ८० टक्के भरल्यावर व्होल्टेज १४.४ च्या आसपास पोहोचते आणि तेथून पुढे प्रवाह आपोआप घटत जातो, मग सुरुवात कितीही अँपिअरने झालेली असो. बॅटरी निम्मी उतरली असेल, तर ५० वरून ८० टक्क्यांवर नेण्यासाठी सुमारे ४५ अँपिअर-तास लागतात. त्यासाठी १५ अँपिअरने ढोबळमानाने तीन तास आणि २० अँपिअरने सव्वादोन तास जातात. उरलेल्या २० टक्क्यांना दोन्हीकडे जवळजवळ सारखेच काही तास द्यावे लागतात. म्हणजे एवढ्या खटाटोपातून पदरात पडतो तो पाऊण तास.

त्या पाऊण तासाची जी किंमत मोजावी लागते, तिनेच माझा निर्णय झाला. आमची बॅटरी जिन्याखाली आहे. २० अँपिअरवर असताना उन्हाळ्यात डब्याला हात लावला की तो स्पष्टपणे गरम लागे आणि पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट पाहता पाहता खाली जात. मग जड ट्रॉली बाहेर ओढायची, सहाही झाकणे उघडायची, डिस्टिल्ड वॉटर घालायचे, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर गरम पाण्याने धुवायचा, व्हॅसलिन लावायचे आणि फरशीवर पडलेला आम्लाचा डाग घासत बसायचे, हे काम संपते न संपते तोच पुन्हा येई. पाणी उडण्यामागे व्होल्टेज आणि उष्णता ही दोन्ही कारणे असतात, त्यामुळे सगळा दोष प्रवाहाला देणे कदाचित अन्यायाचे होईल. पण १५ अँपिअरवर आल्यापासून डबा कोमटच राहतो आणि पाणी घालण्याची वेळ पुष्कळ उशिरा येते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. रात्रभराच्या चार्जिंगनंतर सकाळी हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी, १.२४० च्या जवळ, म्हणजे बॅटरी पूर्ण भरल्याचे दाखवतो आणि ट्यूब्युलर बॅटरीकडून मला तेवढेच हवे असते.

आपल्याकडे दोन भारनियमनांच्या मध्ये जेमतेम दोन-अडीच तास वीज मिळत असेल, तर २० अँपिअरचा विचार जरूर करावा; मात्र तेव्हा बॅटरी हवेशीर जागी ठेवावी आणि तापमान वाढल्यावर चार्जिंगचे व्होल्टेज उतरवणारी सोय इन्व्हर्टरमध्ये आहे याची खातरजमा करावी. बॅटरीची मानके २७ अंश सेल्सिअस धरून दिलेली असतात. ४२ अंशांच्या दुपारी तेच १४.४ व्होल्ट सुमारे एक तृतीयांश व्होल्टने जास्त ठरतात.

दोन बॅटऱ्या असतील, तर त्या कशा जोडल्या आहेत हे आधी पाहावे. २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर एकामागे एक जोडलेल्या दोन बॅटऱ्यांनाही १५ अँपिअरच योग्य असतात. समांतर जोडल्या असतील तरच तो आकडा ३० होतो.