नवा अँड्रॉइड फोन: कॅमेऱ्याआधी अक्षरं तपासा

माझं सगळं आयुष्य मुद्रितशोधनात गेलं. त्यामुळे बटणांचा साधा फोन सोडून अँड्रॉइड १४ असलेला हा स्मार्टफोन हातात घेतला तेव्हा कॅमेऱ्याआधी मी अक्षरं तपासली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही नव्या अँड्रॉइडला लागू पडेल, मेनूतली नावं तेवढी थोडी बदलतील. एखादी गोष्ट जागेवर दिसली नाही, तर सेटिंग्जमध्ये वर शोधायची पट्टी असते, तिथे तिचं नाव टाइप करा. मेनू पाठ करत बसण्यापेक्षा ही पट्टी लक्षात ठेवा.

अक्षर मोठं करण्याची सोय ही या फोनची सगळ्यात चांगली बाजू. २०२३ साली आलेल्या अँड्रॉइड १४पासून अक्षर मूळच्या दुपटीपर्यंत वाढवायची सोय झाली. ती करणाऱ्यांनी विचारही नीट केलाय: बारीक मजकूर जितका वाढतो, तितके आधीच मोठे असलेले मथळे वाढत नाहीत. सगळंच सरसकट दुप्पट केलं तर ओळी तुटतात आणि पानाचा तोल जातो, हे पानं लावणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. 'फॉन्ट साइझ'ने फक्त अक्षरं वाढतात, 'डिस्प्ले साइझ'ने चिन्हं आणि बटणंही. दोन्ही थोडं थोडं वाढवा. एकच टोकाला नेलं की काही अॅप्समध्ये बटणावरचे शब्द अर्धवट दिसतात.

दुसरी गोष्ट हाताची. माझा फोन 'जेश्चर' पद्धतीवर लावलेला आला, म्हणजे कडेवरून बोट आत सरकवलं की मागे जायचं. सराव झालेल्यांना ती आवडते. नवशिक्याला मात्र त्रास होतो, कारण फोटो पुढे सरकवायला जावं आणि अॅपच बंद व्हावं असं सारखं घडतं. 'नॅव्हिगेशन'मध्ये जाऊन खाली तीन बटणं दिसणारी पद्धत निवडा. मागे, मुख्य पडदा आणि उघडलेली अॅप्स, तिन्ही डोळ्यांसमोर राहतात. माझी अर्धी भीती या एका बदलाने गेली.

नोटिफिकेशन वाचायच्या आत बोटाने उडून जाते, ही नव्या माणसाची नेहमीची तक्रार. 'नोटिफिकेशन हिस्टरी' चालू करून ठेवा, गेल्या २४ तासांत उडालेल्या सूचना तिथे सापडतात. ही सोय अनेक फोनवर मुळात बंद असते आणि कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे ठासून लिहिते आहे. नको असलेल्या सूचनेवर बोट दाबून धरलं की त्या अॅपचा आवाज बंद करता येतो किंवा त्याच्या सूचनाच थांबवता येतात.

अॅप्स मागतात त्या परवानग्यांबाबत मी कडक आहे. टॉर्चच्या अॅपला माझे संपर्क कशाला हवेत? नकार दिल्याने फोन बिघडत नाही, हवी तेव्हा परवानगी पुन्हा देता येते. कॅमेरा किंवा माइक वापरात असला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, ही सोय २०२१च्या अँड्रॉइड १२पासून आहे. आपण बोलत नसताना, फोटो काढत नसताना ती दिसली तर पडदा वरून खाली ओढून त्या खुणेवर बोट ठेवा, कोणतं अॅप आहे ते कळतं.

मराठी कीबोर्ड उत्तम आहे. बोलून लिहिण्याची सोयही वेगवान, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं स्वतः तपासल्याशिवाय मी काही पाठवत नाही. तुम्हीही पाठवू नका.

नाराजी एकाच गोष्टीवर. कंपनीने आधीच भरून दिलेल्या अॅप्सपैकी काही काढताच येत नाहीत, फक्त 'डिसेबल' करता येतात, म्हणजे बंद करून ठेवता येतात. ज्याला अजून आपलं काय आणि परकं काय हे कळत नाही, त्याच्यासमोर एवढी गर्दी मांडणं मला पटत नाही. एक तारा तिथे गेला, बाकी चार मी मनापासून देते.

पासवर्डचं मात्र आजच बघा. फोन रीस्टार्ट झाला की पहिल्यांदा उघडताना बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. सेटिंग्जमध्ये न जाता परस्पर रीसेट केलेला, म्हणजे सगळं पुसून कोरा केलेला फोन पुन्हा सुरू करायला जुनंच गूगल खातं किंवा जुना पिन मागितला जातो. म्हणून खात्याचा पासवर्ड वहीत लिहून घरात सुरक्षित जागी ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको. *#06# डायल केल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांकही त्याच पानावर उतरवून घ्या. फोन हरवला तर दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून त्याच खात्याने 'फाइंड हब' ही गूगलची फोन शोधायची सेवा उघडून तो वाजवता येतो. तो चालू आणि नेटला जोडलेला असला, की सायलेंटवर असतानाही पूर्ण आवाजात वाजतो. खरंच हरवण्याआधी घरातल्या कुणालातरी सोबत घेऊन एकदा वाजवून बघा.