उंच टाकीची धुलाई आणि रंग: ड्रोन की दोरावरची माणसं?
30 मीटर उंच पोलादी टाकी. नुसती धूळ, शेवाळ, पक्ष्यांची घाण असेल तर ड्रोन सरस: परांची नको, माणशी दोन दोर आणि अँकर (दोर अडकवायचे पक्के आधार) बांधण्यात वेळ नको. फक्त जमिनीवरून ड्रोनसोबत वर जाणाऱ्या पाण्याच्या पाइपाचं वजन विसरू नका. 12 मिमी आतल्या व्यासाच्या 30 मीटर पाइपात पाणीच जवळपास साडेतीन किलो. बॅटरी झपाट्याने उतरते.

रंगात मात्र ड्रोन मागे पडतो. सुटा गंज तो खरवडत नाही, आणि गंजावर मारलेला इपॉक्सी रंग पापुद्र्यासारखा निघतो. वेल्डच्या सांध्यांवर आधी ब्रशचा हात माणूसच देणार. ओल्या थराची जाडी कंगवा-गेजने मोजायलाही तोच. शिवाय वाऱ्याने उडालेला फवारा खालच्या गाड्यांवर बसतो, ते भांडण वेगळं.

काँक्रीट सायलो (साठवणीच्या उंच कोठ्या), पत्र्याची छपरं, दर्शनी काच: ड्रोन. गंजलेलं पोलाद: दोरच.